हिवाळ्याचे शब्द कुणाच्या तोंडी होते?

१६२३ साली हेन्री कॉकरम नावाच्या इंग्रज कोशकाराने अवघड शब्दांचा एक छोटा कोश काढला. त्यात 'अ‍ॅप्रिसिटी' असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिलाय, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. अर्थ इतका गोड की वाचल्याबरोबर कुणालाही हा शब्द आपलासा वाटावा. डिसेंबर उजाडला की इंग्रजीतल्या 'हरवलेल्या हिवाळी शब्दां'च्या याद्या फिरू लागतात आणि त्यात हा शब्द बहुतेक वेळा मानाच्या जागी असतो. खाली लोक हळहळतात : केवढी श्रीमंत भाषा होती, आपण काय घालवून बसलो!

मला ही हळहळ खरी वाटते, पण ती चुकीच्या दारात जाऊन बसली आहे. 'अ‍ॅप्रिसिटी' हरवलेला नाही, कारण तो कुणाच्या तोंडी बसलेलाच नव्हता. लॅटिनमधल्या 'उन्हातला' या अर्थाच्या शब्दावरून तो घडवला गेला, कोशात गेला आणि तिथेच राहिला. कोशांबाहेर त्याचा वापर जवळपास सापडत नाही. विद्वत्ता दाखवण्यासाठी लॅटिन-ग्रीकवरून असे शब्द पाडण्याची सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लाटच होती आणि त्या काळातले टीकाकार त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून झोडपत असत. इंग्लंडमध्ये थंडीने काकडलेल्या, मेंढ्या राखलेल्या, बर्फ उपसलेल्या माणसांचे हिवाळी शब्द वेगळेच होते. ते खरोखर गेले, काही अजून जाताहेत, आणि ते आपोआप गेले नाहीत.

एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित जपून ठेवलंय. जुन्या इंग्रजी कवितांचा तो सर्वांत मोठा ठेवा. त्यातल्या एका कवितेत एक दर्यावर्दी माणूस हिवाळ्यातल्या समुद्राबद्दल बोलतो. पाय गारठ्याने बांधल्यासारखे झालेत, गारा सरसर कोसळताहेत, आणि गार म्हणजे 'सर्वांत थंड धान्य'. त्याच्या अंगाभोवती 'ह्रीम-यिकेल' लटकताहेत. 'ह्रीम' म्हणजे पांढरं गोठलेलं दंव आणि 'यिकेल' म्हणजे बर्फाची लोंबती सुई. हा 'यिकेल' हजार वर्षं जगला. यॉर्कशरमधल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी तो विसाव्या शतकातही 'इकल' म्हणून होता. प्रमाण इंग्रजीतल्या 'आयसिकल'चा उत्तरार्धही तोच. आधी 'आइस' जोडून एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे इतकंच. पण शाळेत एखाद्या पोराने 'इकल' लिहिलं तर मास्तर त्यावर लाल रेघ मारणार. हजार वर्षांचं घराणं असलेला शब्द चुकीचा आणि त्याचं लांबट रूप बरोबर, असा हा न्याय.

हाच माझा मुद्दा आहे. जुन्या हिवाळी शब्दांचा प्रश्न कोशाचा किंवा आठवणींचा नाही. हिवाळ्याशी ज्यांचा रोजचा संबंध होता त्या माणसांची बोली समाजाने ज्ञान मानली की अडाणीपणा, हा प्रश्न आहे. इंग्लंडने ती दीडशे वर्षं अडाणीपणा मानली. आता तिचे तुकडे शोभेसाठी वेचले जाताहेत, आणि तेही बोलणाऱ्यांचं नाव पुसून.

जुन्या इंग्रजांसाठी हिवाळा किती मोठी गोष्ट होती ते आधी पाहू. जॅरोच्या मठातल्या बीड या साधूने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या पूर्वजांचे महिने नोंदवून ठेवलेत. वर्षाचे मूळ दोनच भाग, उन्हाळा आणि हिवाळा. ऑक्टोबरच्या सुमाराच्या महिन्याचं नाव 'विंटरफिलेथ', कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेला हिवाळा लागायचा. पुढचा 'ब्लोटमोनाथ', म्हणजे बळीचा महिना. त्यात कापायची जनावरं देवांना वाहिली जायची. थंडीभर पुरेल एवढा चारा सगळ्या गुरांसाठी कुणाकडे नसायचा, त्यामुळे देवधर्म आणि चाऱ्याचा हिशोब एकाच महिन्यात बसायचे. माणसाचं वयही हिवाळ्यांत मोजत. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात ग्रेंडेल राक्षसाचा छळ बारा हिवाळे चालतो आणि बेओवुल्फ पन्नास हिवाळे राज्य करतो. आपल्याकडे 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणतात. त्यामागचा अनुभव याच जातीचा आहे. ज्या ऋतूतून जीव तगून बाहेर पडतो त्यानेच वर्ष मोजलं जातं.

ही मोजणी काव्यापुरती नव्हती. उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत दोन हिवाळे काढलेल्या मेंढीला किंवा गाईला 'ट्विंटर' म्हणत, तीन काढलेल्या जनावराला 'थ्रिंटर'. पहिला हिवाळा पाहिलेलं, अजून एकदाही न कातरलेलं कोकरू म्हणजे 'हॉग'. कंब्रिया आणि यॉर्कशर डेल्समध्ये हा शब्द आजही बाजारात रोज चालतो. थंडी सोसण्यासाठी हॉग खालच्या गवताळ भागात दुसऱ्याच्या रानात पाठवतात. त्याचा करार होतो, भाडं ठरतं, आणि त्या सगळ्या व्यवहाराला 'विंटरिंग' म्हणतात. हे शब्द कुठल्याच यादीत दिसत नाहीत, कारण ते 'सुंदर' नाहीत. त्यांच्यावर पैसे मोजले जातात आणि म्हणूनच ते टिकून आहेत.

काही शब्दांत तर अख्खं हवामानशास्त्र आहे. मार्च-एप्रिलमध्ये ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं पानांच्या आधी पांढऱ्या फुलांनी भरतात. थंडी संपली असं वाटत असतानाच पुन्हा कडाका येतो, त्याला 'ब्लॅकथॉर्न विंटर' म्हणतात. मेंढ्या वितात त्या दिवसांत येणाऱ्या हिमवादळाला 'लॅम्बिंग स्टॉर्म'. या नावांत तारीख नाही, सूचना आहे : झुडूप फुललं म्हणून बेसावध राहू नका, ओल्या अंगाचं कोकरू रात्री उघड्यावर ठेवू नका. १९४७ च्या हिवाळ्यात जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ब्रिटन बर्फाखाली होतं आणि लाखो मेंढ्या गेल्या. डोंगरावरचे मेंढपाळ साठलेल्या बर्फात लांब काठ्या खुपसून आणि कुत्र्यांच्या नाकावर भरवसा ठेवून मेंढ्या शोधत होते. वारा कुठून आला, बर्फ कुठल्या भिंतीआड साठलं असेल, कुठलं बर्फ भुरभुरीत आणि कुठलं दगडासारखं, हे ज्याला बोलून दाखवता यायचं त्याच्या मेंढ्या वाचण्याची शक्यता जास्त. इथे शब्द हे अवजार होतं.

'ह्रीम'चंच आजचं रूप 'राइम' हवामानशास्त्राने उचललं. गोठणबिंदूखाली जाऊनही पाणीच राहिलेले धुक्याचे थेंब एखाद्या फांदीवर, तारेवर आपटून गोठतात आणि वाऱ्याच्या दिशेने पांढरे काटे वाढत जातात, ते 'राइम'. हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन पानांवर पिसांसारखी बसते, ते 'होर फ्रॉस्ट'; यातला 'होर' म्हणजे पिकलेल्या केसांसारखं पांढरं. विमानाच्या पंखावर राइम चढलं की वैमानिकाला आजही तो शब्द लागतो. शास्त्राने हात लावला त्या बोलीशब्दाला प्रतिष्ठा मिळाली. शेजारचाच, नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर माळावरचा शब्द 'अ‍ॅमिल' मात्र उपेक्षित राहिला. थोडं वितळून पुन्हा गोठताना प्रत्येक गवताच्या पात्यावर, डहाळीवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा चढतो आणि सूर्य वर आला की सगळा माळ लखलखतो, त्याला अ‍ॅमिल म्हणतात. निरीक्षण तितकंच नेमकं, फक्त ते करणाऱ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती.

हे शब्द कुणी घालवले, याचं उत्तर अगदी कागदोपत्री आहे. १९२१ साली इंग्लंडमध्ये इंग्रजीच्या अध्यापनावर न्यूबोल्ट समितीचा अहवाल आला. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला घरातून आणि रस्त्यावरून लागलेल्या बोलण्याच्या वाईट सवयींशी झुंजावं लागतं, असं त्यात म्हटलंय. घर आणि रस्ता म्हणजे आई-बाप आणि शेजारी. खाणीत, गिरणीत, शेतावर राबणाऱ्यांची भाषा ही सरकारी अहवालाच्या लेखी वाईट सवय होती. तेवढ्यावर हे थांबलं नाही. २०१३ मध्ये वेस्ट मिडलंड्समधल्या हेल्सोवेन गावातल्या एका प्राथमिक शाळेने ब्लॅक कंट्री या तिथल्या औद्योगिक पट्ट्याच्या बोलीतल्या काही वाक्यप्रयोगांची यादी करून ते वापरायला मुलांना बंदी केली. पुढच्या वर्षी लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात मुलांनी प्रमाण इंग्रजीवर वाढतं प्रभुत्व मिळवावं असं लिहिलं आहे, आणि ते योग्यच आहे. मूल राहतं त्या गावाच्या बोलीची ओळख त्याला करून देण्यावर मात्र तसाच भर कुठे दिसत नाही.

मी शेफील्डमध्ये राहते. ऑक्टोबरात हातमोजे घालून बाहेर पडले की शेजारच्या आजी हसत म्हणतात, 'फारच नेश बाई तू!' नेश म्हणजे थंडी न सोसणारं, नाजूक. हा जुन्या इंग्रजीतला 'ह्नेश' म्हणजे मऊ, आणि मिडलंड्स व उत्तरेत तो अजून जिवंत आहे. त्याच आजी थंडीने गारठल्या की 'मी स्टार्व्ड झालेय' म्हणतात. आज सगळीकडे याचा अर्थ उपाशी असा घेतला जातो, पण मूळ क्रियापद 'मरणे' या अर्थाचं, आणि उत्तरेत ते थंडीने मरणे या अर्थाकडे वळलं. त्यांची नात शिक्षिका आहे. घरात ती सहज 'नेश' म्हणते, पण वर्गात तो शब्द तोंडाबाहेर काढत नाही. मुलं तो निबंधात लिहितील आणि त्यांचे गुण जातील, असं तिचं म्हणणं. त्या मुलीला मी दोष देणार नाही. पण एखादा शब्द मरतो म्हणजे नेमकं काय होतं ते इथे उघड्यावर दिसतं : बोलणारी माणसं असतात, गरज असते, थंडीही असते, फक्त वर्गाच्या दारात तो शब्द बाहेर ठेवावा लागतो.

याचा त्रास भाषाप्रेमींपुरता नाही. ब्रिटनच्या उत्तरेकडच्या दवाखान्यांत भारतातून आलेले कितीतरी डॉक्टर काम करतात, त्यात मराठीही आहेत. ऐंशी वर्षांची बाई जानेवारीत 'मी घरात स्टार्व्ड असते' म्हणाली, तर ती जेवणाबद्दल बोलतेय की न परवडणाऱ्या हीटरबद्दल, हे समजणं तिच्या जिवाशी निगडित आहे. लंडनहून आलेल्या तरुण डॉक्टरचीही तीच अडचण होईल.

मधे एक वाद बराच गाजला. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या छोट्या कोशातून २००७ च्या आवृत्तीत निसर्गाशी संबंधित बरेच शब्द काढले गेले. त्यात आयव्ही आणि मिसलटो ही नाताळाशी जोडलेली नावंही होती. ब्रॉडबँड, ब्लॉग असे शब्द आत आले. २०१५ मध्ये कादंबरीकार मार्गारेट अ‍ॅटवूडसह २८ लेखकांनी या विरोधात जाहीर पत्र लिहिलं. त्यांची कळकळ मला पटते, पण लक्ष्य छोटं होतं. मुलं जे वाचतात-लिहितात ते छोट्या कोशात येणार, हे प्रकाशकाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शिवाय त्या पत्रातले शब्द प्रमाण इंग्रजीतलेच होते. मोठ्या कोशात त्यांची जागा पक्की आहे, त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही. 'नेश' आणि 'ट्विंटर'साठी असं पत्र निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

या शब्दांसाठी खरं काम केलं ते जोसेफ राइटने. १८५५ साली ब्रॅडफर्डजवळ गरिबीत जन्मलेला हा मुलगा सहा-सात वर्षांचा असल्यापासून दगडखाणीत गाढवगाडी हाकत होता, पुढे सॉल्टेअरच्या गिरणीत लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. नंतर त्याने जर्मनीतल्या हायडेलबर्गला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि तो १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश छापून काढला. दंव, हिम, गारा, वितळणं यांचे प्रांतोप्रांतीचे शब्द त्यात परगण्यासकट नोंदलेले आहेत. या कोशाचं इंटरनेटवरचं रूप तयार केलं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाने. ज्या देशाची बोली, त्या देशाच्या विद्यापीठांना ते काम अत्यावश्यक वाटलं नाही, याची खंत वाटायला हवी.

दुसरं मोठं काम लीड्स विद्यापीठाचं. हॅरॉल्ड ऑर्टन आणि झुरिकचा ऑयगेन डीट यांनी आखलेल्या पाहणीत १९५० ते १९६१ दरम्यान कार्यकर्ते ३१३ ठिकाणी फिरले. तेराशेच्या वर प्रश्न, उत्तरं देणारे बहुतेक खेड्यातले वयस्क, बेताचं शिकलेले लोक. वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुयांना तुम्ही काय म्हणता, हाही एक प्रश्न होता. कुठे 'इकल', नैऋत्येला सॉमरसेटकडे 'क्लिंकरबेल', उत्तरेकडे 'आइस-शॉगल'. नकाशावर ही उत्तरं मांडली की हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोण कुठून येऊन वसलं याच्याही खुणा दिसू लागतात. आणि या पाहणीतून उभी राहिलेली बोली व लोकजीवनाची लीड्समधली संस्था १९८० च्या दशकात बंद पडली.

सीमेपलीकडे काय झालं ते पाहावं. 'स्नेल' म्हणजे बोचरं, झोंबणारं, वाऱ्याबद्दल म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'स्नेल' म्हणजे चपळ, तीक्ष्ण. हा शब्द उत्तर इंग्लंडमध्येही होता आणि स्कॉटलंडमध्येही. स्कॉटलंडने स्कॉट्सला, म्हणजे इंग्रजीच्या नात्यातल्या आपल्या बोलीला, भाषा मानलं, तिचे कोश केले. ग्लासगो विद्यापीठाच्या स्कॉट्स शब्दसंग्रहाच्या कामात २०१५ मध्ये बर्फाशी संबंधित ४२१ शब्द नोंदले गेले : हलकी भुरभुर म्हणजे 'फ्लिंड्रिकिन', कोपऱ्यात गरगरणारा बर्फ म्हणजे 'फीफल'. २०२५ च्या कायद्याने स्कॉट्सला अधिकृत दर्जाही मिळाला. तिकडे 'स्नेल' ही भाषेची दौलत. सीमेच्या अलीकडे, इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये तोच शब्द गावंढळ इंग्रजी. वारा तोच, थंडी तीच, फरक फक्त धोरणाचा.

आता विरोधी बाजू. एक म्हणणं असं की हिवाळाच बदललाय. थेम्सवर शेवटची बर्फावरची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. नंतर जुना लंडन ब्रिज पाडला, नदी वेगाने वाहू लागली, हवाही उबदार होत गेली. वस्तूच नाही तर शब्द कशाला? हे अर्धं खरं आहे. बर्फावरच्या जत्रेचे शब्द परत आणा असं मीही म्हणणार नाही. पण दंव पडतं, निसरडं होतं, म्हातारी माणसं गारठतात, मेंढ्या वितात. शिवाय हवामान लहरी झाल्यावर 'ब्लॅकथॉर्न विंटर'सारखी सूचना जास्त मोलाची होते. झाडं लवकर फुलू लागली आणि उशिराचं दंव तसंच राहिलं, तर फळबागवाल्यांच्या पोटात गोळा येणारच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो गरिबांच्या बाजूने येतो. मजुराच्या मुलाला प्रमाण भाषाच वर काढते, बोलीचं कौतुक हे भरल्या पोटाचं काम. आपल्याकडेही 'आनी-पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात कसं हसलं जातं हे ठाऊक असलेल्या कुणालाही हा आक्षेप कळेल. मी तो मानते. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला पक्की आलीच पाहिजे. पण ती यायला आईची भाषा चूक ठरवावी लागते, याचा पुरावा काय? राइट ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला आणि यॉर्कशरची बोली त्याने सोडली नाही. मुलाला दोन्ही येऊ शकतात. आपण दोन बोली, प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी अशी कसरत रोज करतो; मेंदूला ते जड नसतं, अपमान जड असतो.

म्हणून मागणी साधी आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात स्थानिक बोलीला तपासण्याजोगी जागा द्या : मुलांनी आपल्या गावच्या माणसांकडून शब्द गोळा करावेत, ते कुठल्या कामाला, कुठल्या हवेला लागतात ते लिहावं, आणि त्या लिखाणाला गुण असावेत. लीड्सच्या पाहणीतली ध्वनिमुद्रणं त्या-त्या गावच्या शाळेत पोचवा. स्थानिक रेडिओवरच्या हवामानाच्या बातमीत त्या भागाचा शब्द प्रमाण शब्दाच्या शेजारी येऊ द्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, ध्वनिमुद्रणांसह ते लोकांपुढे ठेवलं. ते शाळांपर्यंत नेण्याचं काम आपल्यापुढेही आहेच.

आणि याला मुदत आहे. १९६२-६३ चा हिवाळा मध्य इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड हिवाळा होता. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पडू लागलेला बर्फ कित्येक भागांत मार्चपर्यंत हलला नाही. तेव्हा बापाबरोबर फावडं घेऊन गोठ्याची वाट मोकळी करणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं आज ऐंशीच्या घरात आहेत. लीड्सच्या कार्यकर्त्यांना उत्तरं देणारी पिढी केव्हाच गेली. तिचे शब्द कामाच्या जागी कानावर पडलेले हे शेवटचे लोक. प्रश्नावली सत्तर वर्षांपूर्वीच तयार झालेली आहे. या जानेवारीत त्यांच्याकडे जाऊन ती विचारायला हवी, आणि विचारायला त्यांच्याच गावच्या शाळेतली मुलं जायला हवीत.